सहा पडेपर्यंत संशय

डोंबिवलीतल्या आमच्या कारखान्यात लहान मुलांचं औषध बाटल्यांत भरतात. बाटल्यांची झाकणं तपासणाऱ्या मावशी टिटवाळ्याहून येतात. "किती चांगल्या, किती वाईट, एवढं सगळं लक्षात राहत नाही गं. डोक्यात दोनच गोष्टी मावतात, भरवसा आणि संशय," असं त्या मला सांगतात. भरवसा असला की त्या अधूनमधून एखादी बाटली उलटी करून बघतात. एक जरी गळकी निघाली तरी संशय सुरू होतो आणि मग त्या प्रत्येक बाटली बघतात. चांगली निघाली की फासा टाकतात आणि सहा पडला तरच संशय सोडतात.

परवा संशय चालू असताना मॅनेजर आले. "मावशी, कधीपासून सगळ्या चांगल्याच निघतायत. सोडा ना आता, गाडी खोळंबलीय."

"सहा पडू दे साहेब. माझ्या मर्जीवर ठेवलं, तर तुम्ही म्हणाल तेव्हा मी सोडून देईन."

आणखी सात-आठ बाटल्या चांगल्या निघाल्या. पुढची उलटी केली आणि औषध मावशींच्या बोटांवरून ओघळलं.

मॅनेजर स्टूल ओढून मावशींच्या शेजारी बसले आणि एकेक बाटली तपासू लागले.

मी याच मावशींच्या खात्यात काम करते, हे त्या दिवशी घरी मी दोनदा सांगितलं.