बाबा वॉर्डात आले ती पौर्णिमा

कृपा हा शब्द आमच्या घरात उच्चारला जात नसे. बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यापासून बाबा सांगत, की आपण कुणाकडे काही मागायचे नाही. शरण जायचे ते चांगले वागण्याचे बळ यावे म्हणून. त्यामुळे पुढे जे लिहिणार आहे त्याला काय नाव द्यावे, याचा संकोच लेखणी हाती घेताना मनात आहे. लिहिण्याचा सरावही नाही. आयुष्यभर रुग्णांचे तापमान आणि नाडी यांपलीकडे मी काही लिहिलेले नाही. निवृत्तीनंतर धीर करून हा एक अनुभव मांडते आहे, तो जसा घडला तसा.

सत्तरच्या दशकात मी नागपुरातल्या एका मोठ्या दवाखान्यात पुरुषांच्या शस्त्रक्रिया वॉर्डात परिचारिका होते. कामावर माझे प्रेम होते. जखम धुताना हात कधी थरथरला नाही, की घाणीने नाक कधी मुरडले नाही. मन दुखे ते हाकेने. केरळातून आलेल्या माझ्या मैत्रिणींना लोक सहज 'सिस्टर' म्हणत. आम्हा इथल्या मुलींना आधी "राहता कुठं?" असे विचारले जाई आणि वस्तीचे नाव ऐकले की हाक बदले. कुणी 'ए बाई' म्हणे, कुणी नुसती चुटकी वाजवी, कुणी खाटेच्या लोखंडावर पेला आपटी. मी मूळची भिडस्त. हाक कशीही असो, मी जाई, कारण हाकेमागे वेदना असे. पण वसतिगृहातल्या खोलीवर परतल्यावर ती चुटकी कितीतरी वेळ कानात वाजत राही.

हे मी घरी कधीच सांगितले नाही. सांगणे अशक्यच होते. माझे बाबा कुहीकडच्या एका खेड्यातले. त्यांचे नाव गणपत. पण गावात वयाच्या तिशीपर्यंत त्यांना पोरेसोरेदेखील 'गणप्या' म्हणत. नागपूरला येऊन ते गिरणीत लागले, आणि दीक्षेनंतर त्यांनी घरात एक नियम केला: या उंबऱ्याच्या आत कुणाचेही नाव तोडून घ्यायचे नाही. माझा भाऊ पाळण्यात होता तेव्हाही बाबा त्याला पूर्ण नावाने, 'राव' लावून हाक मारीत, आणि आई तोंडाला पदर लावून हसे. मला परिचारिकेची पांढरी टोपी मिळाली त्या दिवसापासून तर ते मला 'सिस्टर'च म्हणू लागले. मी सुटीला घरी गेले की अंगणातूनच आवाज येई, "सिस्टर आल्या! पाट मांडा." दवाखान्यात आपली लेक या नावाने ओळखली जाते, यावर त्यांचे सारे म्हातारपण उभे होते.

आणि अशा बाबांच्या पोटात व्रण निघाला. शस्त्रक्रियेला पर्याय नव्हता. शल्यचिकित्सकांनी मला बाजूला घेऊन सांगितले, की प्रकृती तोळामासा आहे, मन खंबीर राहिले तर निभावेल. खाट मिळाली ती माझ्याच वॉर्डात. इतरांना हे भाग्य वाटले; मला मात्र नाही. बाबा तिथे दिवसरात्र पडून राहणार आणि त्यांच्या लेकीला चुटकी वाजवून बोलावलेले आपल्या कानांनी ऐकणार. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी ज्या गोष्टीने त्यांचे मन खचेल, तीच गोष्ट वॉर्डात तासातासाला घडत होती.

त्यातही त्यांच्या शेजारच्या खाटेवर गुलाबराव होता. उमरेडकडचा ट्रकचालक, पायाची जखम चिघळल्यामुळे महिनाभर अडकून पडलेला, आणि वॉर्डातला सर्वांत मोठा आवाज त्याचा. "ए बाई, काहून उशीर करून राह्यली वं? पाय सडल्यावर येतं का?" हे त्याचे रोजचे स्वागत. त्याचे पाहून इतर शिकत.

बाबांना भरती करायचा दिवस पौर्णिमेचा होता. माझी पाळी दुपारची. आई म्हणाली, "मी नेतो तुह्या बाबाले रिक्षानं. तू विहारात वंदना करून ये. दवाखान्यात तर मग आहेच तू." वंदनेला आम्ही पांढरी साडी नेसतो. मी कामाचीच पांढरी साडी नेसून गेले. त्रिशरण म्हणताना ओठ हलत होते, मन मात्र वॉर्डात होते. मागायचे नसते हे ठाऊक असूनही मी मागितले, की आजचा दिवस बाबांच्या कानांवर ती हाक पडू नये. मग माझीच मला लाज वाटली. समोरच्या मूर्तीचे मिटलेले डोळे पाहता पाहता हळूहळू एवढेच उरले, की हाक कशी यावी हे माझ्या हातात नाही. जाणे माझ्या हातात आहे. ते ओझे मी तिथेच, विहाराच्या पायरीवर ठेवले आणि दवाखान्याची वाट धरली.

वॉर्डात पाऊल टाकले तेव्हा विलक्षण शांतता होती. बाबा छताकडे पाहत पडले होते, उशाशी आई स्टुलावर. मी औषधांची ढकलगाडी घेतली. तेवढ्यात खिडकीजवळून आवाज आला, "सिस्टर, जरा इकडं येता का?" नव्या चपलेसारखा करकरणारा तो आदर होता, बोलणाऱ्यालाही टोचत असावा. मी गेले. मग दुसरीकडून, "सिस्टर, माही गोळी राह्यली." एकजण सवयीने "ए बा..." असे म्हणाला मात्र, गुलाबरावाने चमचा खाटेवर हाणला. तो मनुष्य दचकून म्हणाला, "सिस्टर! सिस्टरच म्हनून राह्यलो होतो नं मी!" सायंकाळच्या फेरीला आलेल्या डॉक्टरांनाही काही वेगळे जाणवले. "आज वॉर्डाला झालं काय?" त्यांनी विचारले. गुलाबराव गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "पौर्णिमा आहे नं, साहेब."

त्याचा उलगडा नंतर आईने केला. सकाळी खाटेवर टेकल्या टेकल्या बाबांनी शेजाऱ्याला सांगितले होते, "माही लेक इथं सिस्टर आहे. सारे तिले सिस्टरच म्हणतेत. तुमाले काही लागलं त सांगजा, मी शब्द टाकीन." गुलाबरावाने कोण, कुठली, अशी चौकशी केली आणि ती लेक म्हणजे मीच, हे कळताच तो आडवा झाला. चादर तोंडावर ओढून बराच वेळ पडून राहिला. मग उठून बसला आणि पलीकडच्या खाटेकडे वाकून काही पुटपुटला. तिथून ते पुढच्या खाटेला गेले, तिथून पुढे. आईला शब्द ऐकू आले नाहीत.

दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया झाली. स्ट्रेचरवर चढताना बाबांनी वॉर्डाला हात जोडले. चेहऱ्यावर भीतीचा मागमूस नव्हता. "आमच्या सिस्टर आहेत सोबत," ते म्हणाले. गुंगी उतरू लागली तेव्हा त्यांनी डोळे न उघडताच कोरड्या ओठांनी म्हटले, "सिस्टर, पानी." घरी ते मला याच नावाने हाक मारीत, पण ही हाक ती नव्हती. ही एका रुग्णाची हाक होती, जवळ कोण आहे हे न पाहता विश्वासाने मारलेली. पाणी द्यायचे नव्हते. मी ओला कापूस त्यांच्या ओठांवरून फिरवला. माझ्या कामाचा एवढा अभिमान मला पूर्वी कधी वाटला नव्हता.

बाबा बरे झाले. घरी निघताना त्यांनी गुलाबरावाचा हात धरला. "उपकार झाले गा तुमचे."

"कायचे उपकार? मी त नुसता पडून राह्यलो."

"शेजार केला," बाबा म्हणाले आणि क्षणभर त्याच्याकडे पाहतच राहिले. त्यांना सारे कळले होते का, हे मी कधी विचारले नाही.

खरी भीती मला दुसऱ्या दिवशी वाटली. ज्यांच्यासाठी सारा वॉर्ड जपून बोलला, ते आता नव्हते. बाबांच्या खाटेवर नवा रुग्ण आला होता. मी दारातून आत येताच त्याने चुटकी वाजवली, "ए बाई!" वॉर्डातल्या माना वळल्या. मी त्याच्या दिशेने चालू लागले; हाक आली की जायचे, हे विहारात ठरलेच होते. मी पोहोचण्यापूर्वीच शेजारच्या खाटेवरून गुलाबरावाचा तो मोठा आवाज उठला, "ए भाऊ, नवीन आहेस म्हणून सांगून राह्यलो. इथं सिस्टर म्हणतेत. गणपतरावाची खाट आहे ती."

पुढे निवृत्तीपर्यंत मी कितीतरी वॉर्ड पाहिले, कितीतरी हाका ऐकल्या. सगळ्याच चांगल्या नव्हत्या. पण त्यानंतर कोणतीही चुटकी माझ्यासोबत खोलीपर्यंत आली नाही. मी मागितले होते एका दिवसापुरते, आणि मागणेही सोडून दिले होते. जे मिळाले ते अनोळखी, आजारी, अंथरुणाला खिळलेल्या माणसांच्या हातून मिळाले. त्यांना मी कृतज्ञतेने वंदन करते. दर पौर्णिमेला पांढरी साडी नेसून विहाराची पायरी चढते तेव्हा तिथे ठेवलेले ते ओझे शोधायला मी वाकत नाही. बाबांच्या शेजारच्या खाटेवरून, बाबांच्या नावाने, कुणीतरी ते केव्हाच उचलून नेले आहे.