माझं कोपर आणि बिनआरशाचा कॅमेरा

माझ्या स्वतःच्या घराच्या वास्तुशांतीचे चारशे बारा फोटो आहेत आणि त्यांतल्या एकाच फोटोत मी आहे. त्यातही फक्त माझं कोपर आहे.

डावं. (उजवं असतं तर निदान घड्याळ तरी दिसलं असतं.)

हे घर मला कोणी आंदण दिलेलं नाही. उल्हासनगरला कॅम्प पाचमध्ये पत्र्याच्या खोलीत मी पाइपांना आटे पाडत होतो. डाव्या हाताच्या बोटावर तेव्हाचा एक लांबलचक काप अजून आहे. त्यानंतर विठ्ठलवाडीला नळ-पाइपांचं दुकान टाकलं आणि शेवटी चिखलोलीला फ्लॅट घेतला. बिल्डरशी मी इतकी घासाघीस केली की चावी देताना तो म्हणाला, "साहेब, दुसऱ्या फेजमध्ये कृपया कोणाला पाठवू नका." अशा घराच्या वास्तुशांतीला फोटो काढले माझ्या मेव्हण्याने, म्हणजे संजूने. संजू अंबरनाथला केमिकल कंपनीत ऑफिसर आहे आणि गळ्यात तोफेएवढा कॅमेरा अडकवून हिंडतो. त्याने कलशाचे बावीस फोटो काढले. जिन्यातल्या उन्हाचे अकरा. शेजाऱ्यांच्या चपलांचे सात!

"संजू, यात मी कुठाय?" मी विचारलं.

"हे काय भावोजी, कलशाच्या मागे."

"ते कोपर आहे!"

"हो, पण लाइट काय पडलाय त्याच्यावर!"

त्या दिवसापासून संजूशी मी बोलतो, पण कोपरापासून हात जोडून.

दोन वर्षांनी आमच्या प्राजूचं, म्हणजे प्राजक्ताचं, लग्न ठरलं. मुलगा पुण्याचा. साखरपुडा बदलापूरच्या हॉलमध्ये करायचा ठरला. सहज म्हणून मी जुने अल्बम काढले, तर लक्षात आलं की प्राजू आणि मी एकत्र असलेला शेवटचा धड फोटो तिच्या पहिलीतल्या गॅदरिंगचा आहे. तिने त्यात गाजराचा वेश केलाय. मी अल्बम मिटला आणि ठरवलं: ती पुण्याला जायच्या आत तिच्याबरोबर माझा एक फोटो झालाच पाहिजे. तोंडासकट!

एका फोटोग्राफरला फोन केला. त्याने भाव सांगितला, मी त्याच्या निम्मा सांगितला आणि त्याने फोन ठेवला. (परत लावला तर उचलेना. धंदा करायची ही पद्धत?) मग मी संजूला फोन केला.

"या वेळी तू कॅमेरा आणायचा नाही. आम्ही आमचा घेतोय. तुझ्यापेक्षा मोठा!"

"अहो पण भावोजी, चालवणार कोण?"

"तू फक्त जेवायला ये!"

बोललो खरा, पण मला कॅमेऱ्यातलं ओ का ठो कळत नव्हतं. प्राजूने मोबाइलवर चित्रं दाखवून मला समजावलं. एक असतो मिररलेस. मोठा, दणकट, लेन्स बदलता येते आणि माणूस स्पष्ट येऊन मागचं सगळं धूसर होतं. दुसरा कॉम्पॅक्ट. साबणाच्या वडीएवढा, खिशात मावतो. हल्लीच्या मुलांमध्ये त्याची पुन्हा फॅशन आली आहे म्हणे.

"मिररलेस म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे बाबा, जुन्या मोठ्या कॅमेऱ्यात आत आरसा असायचा. यात नसतो."

"आरसा काढून टाकला आणि वर जास्त पैसे? आपल्या दुकानात नळाला तोटी नसली तर गिऱ्हाईक पैसे कापतं!"

"मला विचाराल तर तो छोटाच घ्या," आतून आमच्या सौ. म्हणाल्या. "माझ्या पर्समध्ये राहील. तुम्हाला टीव्हीचा रिमोट अजून येत नाही."

मी दुर्लक्ष केलं. संजूपेक्षा मोठा असं सांगून बसल्यावर साबणाची वडी घेऊन कोण जाईल? मिररलेसच घ्यायचा!

आता खरेदीचा माझा एक नियम आहे. जी वस्तू हवी तिच्याकडे दुकानात ढुंकूनही बघायचं नाही. तिला नावं ठेवायची आणि नको असलेल्या वस्तूचं कौतुक करायचं. दुकानदार बिचारा नको असलेल्या वस्तूचा भाव ताणून धरतो आणि हवी असलेली कंटाळून सोडून देतो. आमचा फ्रिज, सोफा, कपाट, सगळं असंच आलंय. सकाळी चहा घेताना मी सौ.ना त्यांचं काम नेमून दिलं.

"संगीता, तू छोट्यासाठी हट्ट धरायचा. मी मोठ्याला शिव्या घालणार. मग मी खोकलो की तू म्हणायचं, 'जाऊ द्या, उशीर होतोय, तो मोठाच घेऊन टाका.' कळलं?"

"छोट्यासाठी हट्ट धरायचा," सौ. म्हणाल्या. "कळलं." आणि त्या हसल्या. ते हसू मला तेव्हाच खटकायला हवं होतं.

उल्हासनगरच्या बाजारात घन्शूभाई या सिंधी शेठचं दुकान आहे. माणूस गोड. गिऱ्हाइकाला आधी स्टुलावर बसवतात, पाणी देतात आणि मग कापतात. त्यांनी दोन्ही कॅमेरे काचेवर ठेवले. मिररलेस असा काळाभोर, भरदार होता की माझा हात आपोआप पुढे गेला. तो मी तसाच डोकं खाजवायला वर नेला आणि सुरुवात केली.

"हे काय धूड आहे शेठ? मान मोडेल माणसाची! आणि आरसा काढलाय त्याचे पैसे कोण कमी करणार?"

"साईं, आरसा नसतो तोच नवा माल आहे."

"नवा कसला! एवढी बटणं? विमान चालवायचंय का? फुकट दिलात तरी घरात जागा नाही!"

सौ. छोटा कॅमेरा हातात घेऊन उभ्या होत्या. "किती गोड आहे हो! हलका! मला हाच पाहिजे. इतक्या वर्षांत मी तुमच्याकडे काही मागितलंय?"

काय अभिनय! डोळ्यांत चक्क पाणी! माझा ऊर भरून आला. मी आणखी चेव येऊन मोठ्याला झोडपला. बांधणीला, रंगाला, पट्ट्याला नावं ठेवली. शेवटी घन्शूभाईंनी हात जोडले.

"साईं, आपकी बात सही है. ये आपके काम का नहीं." आणि त्यांनी मिररलेस उचलून कपाटात ठेवला.

कुलूप लावलं!

मी खोकलो.

सौ. कॅमेऱ्याचा गुलाबी पट्टा मनगटात घालून बघत होत्या.

मी जोरात खोकलो.

"पानी पियो साईं," घन्शूभाईंनी ग्लास पुढे केला.

मी स्टुलावरून उठून, टेबलाला धरून, क्षयाचा पेशंट खोकेल तसा खोकलो.

"घ्या हो पाणी, कधीचे खोकताय!" सौ. म्हणाल्या. "शेठ, खडीसाखर आहे का?"

खडीसाखर आली. ती चघळत असताना घन्शूभाईंनी मी न विचारताच छोट्याचा भाव उतरवला. "भाभीजींना आवडलाय म्हणून." इथे माझा घात झाला. उतरता भाव समोर असताना मला गप्प बसता येत नाही. तो माझा आजार आहे. त्यांनी परत थोडा उतरवला. मला वाटलं, आता असा आकडा फेकावा की शेठ चिडून कॅमेरा ओढून घेतील आणि मोठ्याचा विषय पुन्हा निघेल. मी निम्म्याच्याही खालचा आकडा बोललो.

"दिला!" घन्शूभाई म्हणाले.

बाजारात एक गोष्ट पक्की असते. आपण भाव बोललो आणि समोरचा "दिला" म्हणाला की सौदा झाला. मग पाय काढता येत नाही. मागच्याच महिन्यात असा पाय काढणाऱ्या एका गिऱ्हाइकाला मी भर विठ्ठलवाडीत "जबान आहे की गळका नळ?" असं विचारलं होतं. अर्धा रस्ता जमला होता. तो रस्ता माझ्या डोळ्यांसमोर आला आणि मी मुकाट्याने पाकीट काढलं.

रिक्षात मी सौ.वर उखडलो. "मी खोकत होतो!"

"मला वाटलं खरंच खोकताय."

"आणि तो एका दमात 'दिला' कसा म्हणाला? म्हणजे मी जास्तच बोललो! अजून खाली जायला हवं होतं!"

"अहो, तुम्हाला तो नकोच होता ना?"

"नको असला म्हणून काय झालं!"

साखरपुड्याच्या दिवशी संजू सांगितल्याप्रमाणे रिकाम्या हाताने आला. इस्त्रीचा कुडता घालून पहिल्या रांगेत पंख्याखाली बसला. मी खिशातून कॅमेरा काढला.

"भावोजी, मोठा कुठाय?"

"हाच. नवीन टेक्निक आहे. जेवढा लहान तेवढा भारी!"

कॅमेऱ्यावर एक चकती होती आणि तिच्यावर बारीक चित्रं. डोंगर, पळणारा माणूस, चंद्र, फूल. मी विचार केला, आपण डोंगरावर नाही, कोणी पळत नाहीये, दिवसाढवळ्या चंद्र कशाला? शुभकार्य आहे, हॉल झेंडूने सजवलाय. मी फुलावर लावला. (माहितीपत्रक वाचलं नव्हतं. वस्तू घेतल्यावर कागद वाचणं हा मी अपमान समजतो.)

आणि मी सुटलो! व्याह्यांचे, विहीणबाईंचे, ओटीचे, अंगठीचे, बासुंदीचे, एक फोटो सोडला नाही. गुरुजींनी दोनदा पुकारा केला, "मुलीचे वडील कुठे आहेत?" मी खुर्चीवर चढलेला होतो. खाली उतरून एका हाताने जावयाला गंध लावलं, दुसऱ्या हाताने त्याचा फोटो काढला. गंध भुवईला लागलं आणि फोटो पंख्याचा आला.

"बाबा, आता आपला दोघांचा!" प्राजू म्हणाली.

संजू लगेच उठला. "द्या भावोजी, मी काढतो."

"हात लावायचा नाही!" मी ओरडलो. गुरुजींचा मंत्र थांबला.

"अहो, एकच काढतो."

"तुझा एक मी बघितलाय! कोपर!"

"भावोजी, त्या दिवशी सकाळपासून संध्याकाळपर्यंत तुम्ही जेवणवाल्याशी भांडत होतात. तेवढं कोपर मिळालं तेच नशीब!"

हे खरं होतं. (बिलात बारा पानं जास्त लावली होती त्याने.) म्हणून तर मला जास्त राग आला. "कॅमेरा आपोआपही फोटो काढतो," मी ताडकन म्हणालो. कॅमेरा पेढ्यांच्या खोक्यावर ठेवला, दहा सेकंद लावले आणि प्राजूच्या शेजारी धावत जाऊन उभा राहिलो. छाती पुढे, पोट आत, तोंड हसरं. नऊ, आठ, सात...

तेवढ्यात सौ.च्या मावशींनी ते खोकं उचललं आणि पेढे वाटायला निघाल्या! वर कॅमेरा टुक-टुक करत चाललेला. मी मागे धावलो. "मावशी! मावशी, थांबा!" मावशींना वाटलं मला पेढा हवाय. त्या म्हणाल्या, "आधी पाहुण्यांना!" आणि खोकं विहीणबाईंच्या नाकासमोर धरलं. त्याच क्षणी फ्लॅश उडाला. विहीणबाई पेढ्यासकट दचकल्या. तोवर जेवणाची पानं मांडली होती आणि प्राजूला सासरच्यांनी गराडा घातला होता. आमचा दोघांचा फोटो राहिला तो राहिलाच.

दुसऱ्या दिवशी चिखलोलीला टीव्हीसमोर सगळे जमले. संजूही. पहिला फोटो लागला. डाव्या कोपऱ्यातून एक बोट आत आलं होतं. दुसऱ्या फोटोतही बोट, तिसऱ्यातही. छोट्या कॅमेऱ्याला माझ्या पंजात जागाच कमी होती. डाव्या हाताचं बोट लेन्सपुढे येऊन बसलं होतं आणि दिवसभर तिथेच राहिलं होतं! त्यात ते फूल. तेव्हा संजूने समजावलं की फुलावर लावलं की कॅमेरा अगदी जवळची वस्तू स्पष्ट घेतो. म्हणून व्याही धूसर, अंगठी धूसर, ओटी धूसर आणि माझं बोट लखलखीत! त्याच्यावरचा कॅम्प पाचमधला कापसुद्धा मोजून घ्यावा इतका स्वच्छ.

"माणूस स्पष्ट, मागचं सगळं धूसर," सौ. म्हणाल्या. "मिररलेसमध्ये हेच हवं होतं ना तुम्हाला?"

संजू हसला नाही. त्याने गंभीरपणे रिमोट खाली ठेवला. "भावोजी, मानलं तुम्हाला. मी चारशे बारा फोटोंत तुम्हाला एकदाच आणू शकलो. तुम्ही प्रत्येक फोटोत आहात."

पाहुण्यांच्या मोबाइलमध्ये मी आहे का, तेही शोधून झालं. आहे. सगळीकडे तोंडासमोर कॅमेरा आहे.

मी चिडून सगळे फोटो पुसायला निघालो तेव्हा प्राजूने कॅमेरा काढून घेतला. एक फोटो तिने स्वतःसाठी ठेवला. अंगठी घातल्यावर ती कॅमेऱ्याकडे बघून हसली होती, तो. तिचा चेहरा जरा पुसट आहे, पण हसू कळतं, आणि कोपऱ्यात बोट. लग्न होऊन पुण्याला गेली तेव्हा तिने तो चांगल्या चौकटीत घालून हॉलमध्ये लावला. मागच्या आठवड्यात आम्ही गेलो होतो. शेजारच्या काकू चहाला आल्या होत्या. त्यांनी फोटोकडे बघितलं, चष्मा लावून परत बघितलं.

"फोटो छान आहे गं. पण हे कोपऱ्यात काय आलंय?"

"ते आमचे बाबा," प्राजू म्हणाली.

काकूंनी बोटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि मला नमस्कार केला. मीही केला, बोट जरा ठळक दिसेल असा.

येताना मी हिशेब मांडला. दोन वर्षांत मी कोपरावरून बोटापर्यंत आलोय. हीच गती राहिली तर नातवाच्या बारशाला माझं तोंडही फोटोत यायला हरकत नाही. फक्त त्या दिवशी जेवणवाल्याने पानांचा आकडा बरोबर सांगायला हवा!