जावेला शिकवलेलं वाक्य

माझा दीर दुबईला हॉटेलात कामाला होता. तिकडूनच तो फिलिपिन्सची बायको करून दापोड्याला आला, तेव्हा सासूबाई मला म्हणाल्या, "तू बारावी शिकलेली हास. तिला आपली भाषा तूच शिकव."

ती हौसेनं शिकायची. मी सांगेन ते इंग्रजी अक्षरांत वहीत उतरवायची, भाकरी थापताना पुटपुटायची. तिची भाकरी फाटायची, आणि दीर हसत तीच आपल्या ताटात ओढून घ्यायचा. माझ्या पहिल्या वर्षी सासूबाईंनी माझी भाकरी दारातल्या कुत्र्याला घातली होती. माझा नवरा मान खाली घालून जेवत राहिला होता. तिचं कौतुक मला बघवेना.

नणंदेच्या हळदीला आत्या येणार होत्या. सासऱ्यांची ही थोरली बहीण, त्यांच्यापुढे घरात कुणी तोंड उघडत नसे. पाया पडताना काय म्हणायचं, असं जावेनं मला विचारलं.

मी म्हणाले, "म्हण, 'म्हातारे, मेली न्हाय अजून?' म्हणजे, आत्या, तब्येत बरी आहे ना?"

चार दिवस तिनं ते घोकलं. उच्चार मीच सुधारून दिले.

मांडवात तिनं पदर सावरला, वाकून आत्यांचे पाय धरले आणि हसतमुखानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं ते वाक्य म्हटलं. बाया फिसकन हसल्या. आत्या उठून चालू लागल्या. दीर धावत आला आणि त्यानं भर मांडवात तिच्या कानाखाली वाजवली.

गालावर हात ठेवून ती माझ्याकडे बघत राहिली. मी हळदीची वाटी उचलली आणि नवरीकडे वळले.

माझं नाव तिनं कुणालाच सांगितलं नाही. घरात ती बोलायचीच बंद झाली. दीरही तिला तुटकच बोलू लागला. वर्षभरानं एका सकाळी मी तिला दारात म्हावरेवालीशी घासाघीस करताना ऐकलं. स्वच्छ मराठी, आमच्याच हेलातली.

त्या दुपारी आम्ही दोघी कोळंबी सोलत होतो. मी धीर करून म्हणाले, "चुकलं माझं. मुद्दाम केलं मी."

तिनं मान वर केली नाही. न अडखळता म्हणाली, "मला मराठी येत न्हाय."

"काय म्हणते ती?" सासूबाईंनी ओटीवरून विचारलं.

"काही नाही," मी म्हणाले. दिराला मी अजूनही खरं सांगितलेलं नाही.