धुळ्याच्या रस्त्यावरचा आवाज

आमची गाडी दोनच माणसांची. बुटकी, लाल, रेसमध्ये धावतात तशी दिसणारी, आणि जुनी. आमच्या यांनी निवृत्तीच्या सुमारास ती कुणाकडून तरी वापरलेली घेतली तेव्हा जळगावच्या मेहरूणमध्ये आमच्या गल्लीला महिनाभर विषय पुरला. शेजारचे आबा म्हणाले, "मास्तर, पाहुणे कुठे बसवणार? टपावर?" हे म्हणाले, "पाहुणे नकोत म्हणूनच तर घेतली."

शनिवारी हे या गाडीतून जळगावहून धुळ्याला बहिणीकडे जायचे. माझी ही नणंद एकटीच राहते. एकट्यानं जाणं मात्र यांच्या जिवावर यायचं. "चल गं, तू नसलीस की गाडी नुसता आवाज करते," असं दारात उभं राहून म्हणायचे. मी म्हणायची, "शेंगा सोलून द्यायला कुणीतरी हवं असं सरळ सांगा ना." कधी जायची, बऱ्याचदा नाही जायची. घरात कामं काय कमी असतात?

हे गेले आणि गाडी मी चालवायला लागले. लेक लहान असताना आमची आधीची गाडी मीच चालवायची, पण या लाडकीच्या स्टिअरिंगला यांनी मला कधी हात लावू दिला नव्हता. आता अडवायला कोणी नव्हतं. शनिवारचं धुळं मी चालू ठेवलं, कारण शनिवारी घरात बसवेना.

आणि मग तो आवाज. खड्डे लागले की सुरू व्हायचा. कुईं, कुईं, मध्येच टक. डॅशबोर्डमधून येतोय म्हणावं तर मागून यायचा, मागून म्हणावं तर दारातून. पारोळ्यापर्यंत माझं डोकं उठायचं. एकदा तो कुठून येतोय ते बघायला मान वळवली आणि कापसाच्या ट्रकवर आदळता आदळता वाचले. शहाणपणा असा की, हे मी फोनवर पुण्याला लेकीला सांगून बसले. ती घाबरली. "आई, विकून टाक ती गाडी." शेवटी ठरलं की दिवाळीपर्यंत आवाज गेला तर गाडी राहील, नाहीतर जाईल. मी हो म्हटलं खरं, पण रात्रभर रडले. यांचे कपडे मी देऊन टाकले होते, चष्मासुद्धा दिला होता. ही गाडी मला द्यायची नव्हती.

यांच्या ओळखीचे मिस्त्री चाचा स्टेशनच्या पलीकडे गॅरेज चालवतात. त्यांना शेजारी बसवून पार पाळधीपर्यंत नेलं. गाडी गप्प. एक कुईं नाही. "भाभी, गाडी तर एकदम शांत आहे," असं ते इतक्या मायेनं म्हणाले की मला रागच आला. माझ्याकडे बघण्याची ती तऱ्हा मी ओळखते. बाई एकटी राहते, बाईला भास होतात.

मग मीच पदर खोचला. डॅशबोर्डचा कप्पा रिकामा केला, दाराची पॅनेलं स्क्रू काढून सोडवली. आत काहीतरी मऊ भरायला हवं होतं. कापसाच्या मुलखात राहून स्पंज कशाला विकत आणायचा? चोपड्याच्या भावाकडून पिशवीभर कापूस मागवला आणि दोन्ही दारांत गच्च भरला. तो शेतातून वेचलेला, सरकीसकटचा कापूस होता. चार दिवसांनी उजव्या दारातून कुरतडल्याचा आवाज यायला लागला. सरकी खायला उंदीर आला होता! म्हणजे आवाज एक होता तिथं दोन झाले. उंदराला बाहेर काढेपर्यंत माझी जी तारांबळ उडाली ती बघून आबांना पुन्हा महिनाभराचा विषय मिळाला. मीही हसले. घरात आल्यावर मात्र हे सांगायला माणूस नव्हतं, तेव्हा पुन्हा रडले.

दिवाळी आठवड्यावर आली. धुळ्यात मी नणंदेला गाडीत बसवलं आणि पांझरेच्या पुलावरून दोनदा फिरवलं. पुन्हा गाडी गप्प.

"अक्का, खरंच येतो हो आवाज."

"माले ते काहीच ऐकू येत नही," नणंद म्हणाली. मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "तुना मनना खेळ शे बठ्ठा. इकी टाक गाडी."

म्हणजे सगळा माझ्या मनाचा खेळ, आणि गाडी विकून टाक असं आता तीही सांगत होती. निघताना तिनं दादरीचं, म्हणजे आमच्याकडच्या ज्वारीचं, पोतं दिलं. या गाडीची डिकी म्हणजे जेवणाचा डबा, त्यात पोतं मावेना. ते डाव्या सीटवर बसवलं, पडू नये म्हणून पट्टा लावला. टोलवरचा पोरगा म्हणाला, "काकू, आजोबा झोपले का?"

पारोळा गेलं, एरंडोल गेलं. गाडी गप्प होती. जळगाव जवळ आल्यावर माझ्या ते ध्यानात आलं. घरी पोतं उतरवलं आणि तशीच मेहरूणच्या तलावाला चक्कर मारायला निघाले. पहिल्याच खड्ड्याला कुईं, टक.

सीट! रिकामी असली की ती खालच्या पट्टीवर हलत होती आणि कोणी बसलं की घट्ट बसत होती. म्हणून चाचांना ऐकू आलं नाही, नणंदेला आलं नाही. शेजारी कोणी असताना तो आवाज यायचाच नाही. मला वेड लागलेलं नव्हतं. मी इतकी खूश झाले की एकटीच मोठ्यानं हसले.

हसता हसता त्या सीटकडे बघितलं. ती माझी सीट होती. इतकी वर्षं त्या बाजूला मीच बसत होते, म्हणून मला आवाज ठाऊकच नव्हता. आणि मी नसायची तेव्हा हे एकटे धुळ्यापर्यंत तो ऐकत जायचे. दारात उभं राहून म्हणायचे ते खरं होतं. मी तलावाच्या काठाला गाडी लावली.

दुसऱ्या दिवशी चाचांनी सीट उतरवून खाली नमद्याच्या, म्हणजे जाड दाबलेल्या लोकरीच्या, पट्ट्या बसवल्या. लेकीला फोन केला, आवाज गेला, गाडी राहणार. ती म्हणाली, "बरं झालं बाई."

शनिवारी निघाले. एरंडोल मागे पडलं, मुकटी गेलं, गाडीत चिडीचूप. डावी सीट रिकामी असून मुकाट बसली होती. धुळं दिसायला लागलं तेव्हा मला राहवेना. तिच्यावर हात ठेवून म्हटलं, "अहो, 'चल गं' म्हणा ना एकदा. आज येते मी."