मोठेबाबांची जीभ

माझे मोठेबाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, पहिला घास डोळे मिटून खात. तेवढा वेळ घरात कोणी बोललेलं त्यांना चालत नसे. एकदा ते जेवत असताना शेजारच्या भैयांनी दारातून हाक मारली, "दादा, आपकी साइकिल कोई ले जा रहा है." मोठेबाबांनी एक बोट वर केलं, भोकराच्या कळ्यांच्या भाजीचा तो घास संपवला, मग उठले. तोवर सायकल आमच्या गुढियारी मोहल्ल्याच्या गल्लीतून पार झालेली. परत येऊन म्हणाले, "सायकल दुसरी येते. बोहार भाजी वर्षातून आठ दिवस."

रेल्वेच्या मालधक्क्यावर त्यांनी सारी नोकरी काढली. बढती आली ती नाकारली, कारण बदलीच्या गावच्या पाण्यात डाळ शिजत नव्हती. देव, राजकारण, जमीनजुमला, कशातच त्यांना रस नव्हता. मोठीआई भाकरी थापता थापता आम्हा पोरींना सांगायची, "यायनं माह्या हाताशी लग्न केलं, माह्याशी नाही." मोठेबाबा मान डोलवत. "खोटं नाही बोलून राहिली."

निवृत्तीनंतर काही वर्षांनी त्यांच्या जिभेवर गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, जीभ काढली तर वाचतील. अन्न मात्र पुढे पोटातल्या नळीनं. मोठेबाबांनी सरळ नकार दिला. "पोटभर जगलो. आता जाऊ द्या."

मोठीआईनं मला बोलावून घेतलं. मी सिलतऱ्याच्या एका कारखान्यात सुरक्षा विभागात आहे. धोक्यातल्या माणसाला दरडावून बाजूला काढणं हे माझं रोजचं काम. तसंच त्यांना दरडावलं. "खाण्यापलीकडे जगात काहीच नाही का, मोठेबाबा? लोक कशाकशासाठी जगतात."

"मले तर कधी दिसलं नाही. तुले दिसलं?"

"दिसलं," मी म्हटलं. विचार करायला थांबले नाही.

"तू म्हणते तर असन." त्यांनी सही केली.

ऑपरेशन चांगलं झालं. मोठीआई स्वयंपाकघराचं दार लावून फोडणी द्यायला लागली आणि ओट्याशी उभ्यानं जेवायला. मी रेडिओ नेला, कुंड्या नेल्या, सकाळी त्यांना तलावावर फिरवून आणलं. त्यांनी सगळं औषधासारखं घेतलं. चुलतभावाची मुलगी, म्हणजे त्यांची हिंदी शाळेतली नात, पेपर वाचून दाखवायची, ते छताकडे बघत राहायचे. ती मला म्हणाली, "आत्या, आजोबा सुनते नहीं हैं. बस, मना नहीं करते."

बोलणं गेल्यापासून ते पाटी जवळ ठेवत; चार-पाच महिन्यांनी एका रविवारी त्यांनी तिच्यावर लिहिलं, "तुले दिसलं म्हणे. काय दिसलं ते सांग." रागानं नाही. अनोळखी गावात पत्ता विचारावा, तसं.

मी म्हटलं, काम. माणसं. कोणाच्या उपयोगी पडणं. बोलताना प्रत्येक शब्द आमच्या कारखान्याच्या भिंतीवर रंगवलेल्या सूचनेसारखा वाटत होता. मोठेबाबांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग पाटी पुसली आणि लिहिलं, "चहा पिऊन जा."

त्यानंतर ते दीड वर्ष जगले. "तुह्यामुळे तेवढे दिवस भेटले," मोठीआई अजूनही म्हणते. मी दर रविवारी जात राहिले. त्यांनी तो प्रश्न पुन्हा विचारला नाही, आणि मीही आपणहून उत्तर दिलं नाही. माझ्याकडे ते नव्हतं.