पंपाच्या पेटीची किल्ली

आमची चाळ घाटकोपरच्या डोंगरावर. पाणी खालून पंपाने चढतं. पंप लावायला माणूस नाही, मीटरशेजारी एक पेटी आहे. तिच्या काचेवर वेळ दिसते. पहाटे साडेपाच वाजले की पंप आपोआप सुरू होतो, थोड्या वेळाने बंद. मग मला स्वयंपाकाच्या कामाला निघायचं असतं. तेवढ्यात पिंप भरलं तर भरलं, नाहीतर दिवसभर घरात थेंब नाही.

पेटीची किल्ली शेजारणीकडे असायची. चाळीत मी मोकळं बोलते ती तिच्याशीच. बाकीच्यांसमोर मला शब्द फुटत नाही.

उन्हाळ्यात मधूनच पहाटे नळ कोरडा राहू लागला. अशा दिवशी शेजारणीचं पिंप मात्र काठोकाठ, उंबऱ्याबाहेर ओल. ती साड्यांना फॉल लावत उशिरापर्यंत जागते.

"रात्रीच येऊन गेलं गो पाणी," ती म्हणायची. "दार वाजवलं मी. तू कसली उठतेस!"

मग पेटी उघडून, मोबाइलवर वेळ बघून बटणं दाबायची. दुसऱ्या दिवशी पाणी वेळेवर.

दार वाजवलं? माझी झोप मांजराच्या पावलानेही मोडते. बटणं दाबणार ही, पाणी मिळणार हिला. मी तिला चहाला हाक मारणं बंद केलं.

शेवटी पेटी दुरुस्त करणारा आला, चाळ भोवती जमली. उघडून त्याने विचारलं, "काल लाइट गेलेली काय?"

"दिवेलागणीला गेली, लगेच आली," कोणीतरी म्हणालं.

"मग बरोबर. हा बारीक स्फटिक सतत थरथरतो. त्याचे ठोके मोजून चिप वेळ सांगते. लाइट गेली की बाकी सगळं झोपतं, घड्याळाने तेवढं जागं राहायचं. त्याला चिमूटभर करंट पुरतो, तो सेलमधून. पण तुमचा सेल कुठाय?"

खाच रिकामी होती.

"सेल नाही, म्हणून लाइट आली की हे रात्री बारापासून मोजायला लागतं. दिवेलागणीला बारा वाजवले, तर ह्याचे साडेपाच मध्यरात्रीच वाजणार ना?"

सगळ्यांनी शेजारणीकडे पाहिलं. मीही.

"सेल मीच काढला," ती म्हणाली. "वायरवर चालतंय तर आत कशाला सडवायचा? रिमोटमध्ये सेलला पाणी सुटून वाट लागली ती विसरलात?"

घरातून डबी आणून तिने सेल काढून दिला. तशी डबी माझ्याकडेही आहे. टॉर्च लागेनासा झाला की आम्ही बायका आधी सेल काढून ठेवतो. सेलचं मला पटलं. दार वाजवल्याचं पटलं नाही.

तिने ते ओळखलं असावं. सगळ्यांदेखत किल्ली माझ्या हातावर ठेवली. "घे. तुझेच डोळे होते ना माझ्यावर? आता तू सांभाळ."

नाही म्हणायला मला जमलं नाही.

काल पाण्याला जोर नव्हता. कोपऱ्यातल्या खोलीतली म्हणाली, "काय गं, बटणं दाबलीस काय?" शेजारीण सुईत दोरा ओवता ओवता हसली.

आज पाणी आल्याबरोबर मी आधी तिचं दार वाजवलं. दोनदा वाजवलं. ती उठली नाही. आता चाळभर सांगेल, हिने वाजवलंच नाही म्हणून.