वादीतलं गाऱ्हाणं

भूतखेत, देवदेवस्की यातलं मला काही कळत नाही, आणि कळून घ्यायची हौसही नाही. मी राजापूर तालुक्यातल्या नाटे गावचा. आमच्याकडे दोन माणसांमागे एकाला काही ना काही दिसलेलं असतं. मी मात्र आयुष्यभर गाड्या चालवल्या, कुठल्या वळणावर पांढऱ्या साडीतली बाई उभी दिसली नाही. दिसली असती तर लिफ्ट दिली असती.

तरी हे लिहितोय, कारण भाचीने डोकं खाल्लं. "मामा, एकदाचं लिहून टाक, म्हणजे परत परत सांगावं लागणार नाही." पटलं मला. बंदरावर जा, एसटी स्टँडवर जा, जो भेटतो तो हेच विचारतो. सांगून सांगून तोंड दुखायला लागलंय... आणि सांगून काही हलकंही वाटत नाही.

तर मी तेव्हा सौदीत होतो, उत्तरेकडच्या वाळवंटात. एका कंपनीचा कॅम्प होता तिथे, मी पाण्याचा टँकर चालवायचो. माझ्या धाकट्या बहिणीचा, मंदाचा नवरा सुहास, त्याच कॅम्पवर एसी मेकॅनिक. सुहास आमच्याच वाडीतला, लहानपणापासून बरोबर वाढलेला, त्यामुळे भावोजी-बिवोजी काही नाही, अरे-तुरेच. तो मात्र मंदासारखंच मला दादा म्हणायचा.

कॅम्पच्या मागेच डोंगर. डोंगर म्हणजे आपल्यासारखा जांभा नव्हे, त्यावर झाडोरा नाही, काही नाही. वाळूचाच दगड झालेला. तांबडे, पिवळे थर, एकावर एक घावणे रचून ठेवावेत तसे. वाऱ्याने आणि कधीकाळच्या पाण्याने त्यात खोल घळी कोरलेल्या, दोन्ही बाजूंना उभ्या भिंती. कुठे नुसताच खांब उरलाय, कुठे कमान, कुठे वर जाड नि खाली बारीक असे अळंबीच्या आकाराचे धोंडे. अशा कोरड्या घळीला तिकडे 'वादी' म्हणतात. सुहास तिला 'वाडी'च म्हणायचा. सुट्टीच्या दिवशी मोबाइल घेऊन फोटो काढायला जायचा आणि सांगून जायचा, "वाडीत जाऊन येतो रे."

त्या शुक्रवारीही तसाच सकाळी गेला. मी टँकर घेऊन शहरात गेलो होतो, ते संध्याकाळी परत आलो. तर सुहास नाही. फोन लागत नाही. त्याच्या खोलीतला बिहारी पोरगा म्हणाला, "एक ही बोतल पानी लेके गया था."

शनिवारी उजाडल्यापासून शोध. कंपनीच्या गाड्या, पोलीस, सगळे. दुपारपर्यंत पत्ता नाही. तिकडच्या उन्हात एका बाटलीवर माणूस किती काढणार, हे सगळ्यांना माहीत होतं. नाट्याला मंदा देव पाण्यात घालून बसली होती. मला सारखे फोन. "दादा, गावला काय रे?" मी नुसतंच हां-हूं करायचो. शेवटी फोन उचलायचाच बंद केला.

दुपार कलल्यावर मी आणि युसुफ एका वादीत शिरलो. युसुफ म्हणजे आमच्याच कॅम्पवरचा केरळचा ड्रायव्हर. आत बरंच चालल्यावर वादीला दोन फाटे फुटले, एक डावा, एक उजवा. दोन्ही सारखेच. हाका मारमारून माझा घसा बसला होता. 'सुहास' म्हणून ओरडलं की दगड तेच नाव परत अंगावर टाकायचे. युसुफ म्हणाला, "भाई, अब वापस चलो. उजाला जाएगा, हम भी अटक जाएंगे." त्याचं चुकत नव्हतं. माझेही पाय उचलत नव्हते. खरं सांगतो, मी परत फिरलोच होतो.

आणि फिरता फिरता कुठून सुचलं देव जाणे, मी गाऱ्हाणं घालायला उभा राहिलो.

घाटावरच्या वाचकांसाठी सांगतो. आमच्याकडे कुठल्याही कामाला हात घालायच्या आधी देवाला गाऱ्हाणं घालतात. गावकर, म्हणजे गावचा मानकरी, पुढे उभा राहून देवाला एकेक गोष्ट सांगतो, आणि प्रत्येक वाक्याला मागचे सगळे एका सुरात म्हणतात, "व्हय म्हाराजा." गाऱ्हाणं घालायचा मान माझा नव्हे. मी जन्मभर मागे उभा राहून व्हय म्हणणाऱ्यांतला. पण तिथे पुढे उभं राहायला दुसरं होतं कोण?

बूट काढले, हात जोडले. "बा देवा म्हाराजा," म्हटलं, "ह्या जागेचा जो कोण राखणदार असशील, तुला आज लेकरान हाक मारली हाय, ती ऐकून घे म्हाराजा..."

सवयीने थांबलो. वाक्य संपलं की थांबायचं असतं ना. माझाच आवाज भिंतींवरून फिरून आला आणि विरला. युसुफ बाजूला मान खाली घालून उभा.

"तुझा लेकरू, सुहास, पोटापाण्यासाठी मुंबयला गेलेला हाय..."

म्हणालो आणि जीभ चावली. गाऱ्हाण्यात कायम तसंच ऐकलेलं. आमच्याकडे बाहेर गेलेला माणूस म्हणजे मुंबईलाच गेलेला. सौदीच्या वाळवंटात उभा राहून मी देवाला मुंबईचा पत्ता देत होतो! रडू आलं मला, आणि स्वतःचा रागही. या वेळी आवाज फिरून आला नाही.

डाव्या फाट्यातून आलं, "व्हय म्हाराजा."

खणखणीत. सुहासचाच आवाज. थोडा हसल्यासारखा... माणूस हसू दाबत बोलतो ना, तसा. युसुफने माझा दंड धरला. "सुना? कौन है महाराजा?" म्हणजे मला एकट्यालाच ऐकू आलं असंही नाही. मी गाऱ्हाणं तिथेच अर्धवट टाकलं आणि अनवाणी धावत सुटलो.

बरंच आत, भिंतीला एक पोकळी होती, माणूस बसेल एवढी. त्यात सुहास पडलेला. ओठ फाटलेले, जीभ सुजून तोंडात मावत नव्हती. मी तोंडाजवळ कान नेला तर नुसती हवा. 'पाणी' एवढा शब्द त्याच्याने निघेना. उजवा पाय घोट्यापासून भोपळ्यासारखा सुजलेला, काळानिळा. मी बाटलीच्या बुचाने थेंब थेंब पाणी सोडत होतो, रडत होतो, आणि डोक्यात एकच... हा माणूस आत्ता इतक्या मोठ्याने ओरडला कसा?

वाचला तो. मंदाला फोन केला. नुसता हुंदका आला, आणि मागून शेजारणीचा आवाज, "अगो, काय झाला? बोल तरी!"

दोन दिवसांनी सुहास नीट बोलायला लागला. पहिलं काय म्हणाला माहितीये? "दादा, अर्ध्यातच का रे गप्प झालास?"

म्हटलं, तू ओ दिलीस म्हणून. धावत आलो ना तुझ्याकडे.

"खय आलास? मी किती वाट बघितली. मी त्या अळंबीसारख्या धोंड्याखाली बसलेलो, सावलीला. वाट चुकलेली, पण बाटलीत पाणी होता थोडा. तुझा गाऱ्हाणा ऐकला. मुंबय म्हणालास तेव्हा हसूच आला माका, तरी मोठ्यान व्हय म्हाराजा म्हटला. आता दादा आला म्हणून उरलेला पाणी पिऊन टाकला. तर तू पुढे काय बोलेनास. म्हणून उठून तुझ्या आवाजाकडे चालू लागलो, नि धोंड्यावरून पडलो. मग सरपटत त्या बिळात गेलो. अख्खी रात्र काढली तिथे. तू का आला नाहीस रे?"

रात्र? कुठली रात्र? मी गाऱ्हाणं घातलं शनिवारी, आणि तासाभरात तो आमच्या गाडीत होता.

तो ठाम. शुक्रवारी दुपारी ऐकलं. शनिवारी त्याने तोंडातून अक्षर काढलं नव्हतं, काढता येतच नव्हतं. आणि शुक्रवारी दुपारी मी शहरात टँकर भरत होतो. सुहास हरवलाय हेही कुणाला माहीत नव्हतं तेव्हा.

डॉक्टर म्हणाले, शरीरातलं पाणी इतकं कमी झालं की माणसाला दिवस-वार कळत नाही, भास होतात. मलाही तेच पटवून घ्यायचं होतं. म्हटलं, ठीक आहे, सुटलो. पण त्याच डॉक्टरांना पायाचं विचारलं, तर म्हणाले, हा पाय त्याला इथे आणलं त्या दिवशी नाही, आदल्या दिवशी मोडलेला आहे. त्याबद्दल त्यांना शंका नव्हती. आणि सुहास पडला कधी? माझ्या आवाजाकडे येताना.

मी सगळ्या बाजूंनी विचार करून बघितला. भास असेल तर भासात 'मुंबई' कशी आली? ती चूक मी शनिवारी केली, आणि ऐकायला युसुफ होता, त्याला मराठीचं ओ की ठो कळत नाही. आणि सुहासने शनिवारीच ऐकलं म्हणावं, तर तसल्या सुजलेल्या जिभेने ओ कुणी दिली? शिकल्या-सवरलेल्या लोकांना विचारलं. कुणी म्हणालं आवाज दगडात फिरत राहतो. अहो, फिरेल, पण उद्याचा आवाज काल कसा फिरेल? हात टेकले मी.

आता आम्ही दोघंही नाट्यालाच आहोत. सुहास फ्रीज-एसी दुरुस्त करतो, थोडा लंगडतो. लोक म्हणतात, मेव्हण्यानं गाऱ्हाणं घातलं म्हणून सुहास वाचला. त्यांचं सोपं आहे. माझ्यामुळे त्याने उरलेलं पाणी पिऊन टाकलं, माझ्यामुळे सावली सोडून उठला, पाय मोडला. तसं एकदा बोलूनही दाखवलं त्याला. तर म्हणाला, "खुळो की काय तू? मी तिथे झोपायलाच टेकलेलो. डोळे मिटत होते. तुझा आवाज आला म्हणून उठलो. नायतर उठलोच नसतो."

मला बरं वाटावं म्हणून बोलला, की खरंच तसं होतं... माहीत नाही. पण त्या दिवसापासून मला नीट झोप नाही. कारण मी फाट्यावरून परत फिरलो होतो. दोन पावलं टाकलीही होती. युसुफ पुढे चालत होता, आणि त्याच्या मागे जाणं अगदी सोपं होतं.

मी गेलो असतो, तर आदल्या दिवशी सुहासला काय ऐकू आलं असतं?

हे मी मंदाला कधी बोलून दाखवलेलं नाही. उत्तर कुणाकडे असेल तर सांगा. मी दमलोय.